तिकीट पाच वर्षांनी, पद आत्ता

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात पंचगंगेच्या अंगाला असलेल्या एका पेठेत राहते. वय 41, घरी शिलाईकाम करते. 2019 च्या पुरात आमच्या घरात छतापर्यंत पाणी होतं. तेव्हा पंचनाम्यासाठी गल्लीतल्या बायका एकत्र केल्या, त्यातून समिती झाली. 2021 ला पुन्हा तेच. अनुदानाच्या याद्या, ड्रेनेज, नालेसफाई, लोकशाही दिनातले अर्ज, घागर मोर्चा, सगळं केलं. रास्ता रोकोची एक केस माझ्यावर आहे. यंदा जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा अर्ज भरायच्या आठवड्यात एका नेत्याचा निरोप आला होता. मुलाची बारावी म्हणून नाही म्हटलं. आता त्यांचा माणूस पुन्हा येतोय. म्हणतो, महिला आघाडीचं पद घ्या, पुढच्या वेळी तुमचं नाव पक्कं. यजमान म्हणतात, घे, मी आहे की सगळं बघायला. धाकटे दीर महापालिकेची गटारांची छोटी कामं घेतात, तेही खूश आहेत. सासूबाई गप्प आहेत. समितीतल्या निम्म्या बायका म्हणतात जा, निम्म्या म्हणतात तूही त्यांच्यातलीच होशील. आणखी एक: पुरानंतर आम्ही वर पत्र्याची एक खोली काढली, परवाना घेतला नाही. जाऊ का? आणि त्या माणसाला काय सांगू?

पेठेतली एक वाचक

उत्तर

ताई,

निकाल आधी सांगते, कारणं मागून. निवडणूक लढवा. महिला आघाडीचं पद घेऊ नका, निदान या बोलीवर तरी नको. आणि वरच्या खोलीचं काय करायचं ते पहिल्यांदा ठरवा, बाकी सगळं त्यानंतर.

आधी तो निरोप. ‘पुढच्या वेळी नाव पक्कं’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी तुमचा प्रभाग कसा असेल हेच माहीत नाही. 2015 च्या निवडणुकीत कोल्हापुरात 81 प्रभाग होते आणि प्रत्येकातून एक नगरसेवक गेला. नोव्हेंबर 2020 मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. मग पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसला. मधल्या काळात तीन जणांच्या प्रभागाची रचना कागदावर होऊन गेली. शेवटी 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं, तेव्हा तेवढेच 81 नगरसेवक 20 प्रभागांत बसवलेले होते: 19 प्रभाग चौघांचे आणि एक पाच जणांचा. एवढी उलथापालथ दहा वर्षांत झाली. पुढच्या वेळी तुमची गल्ली कुठल्या प्रभागात पडेल हे प्रभागरचना जाहीर झाल्यावर कळतं, आणि चारातली कुठली जागा महिलांसाठी निघेल, ती सर्वसाधारण असेल की मागासवर्गाची, हे आरक्षणाच्या सोडतीच्या दिवशी कळतं. ती चिठ्ठी बहुतेक वेळा शाळेतल्या एखाद्या मुलाच्या हातून काढतात, आणि त्या मुलाला कुठल्या नेत्याचा निरोप गेलेला नसतो.

म्हणजे तुम्हाला जे देऊ करतायत ते त्यांच्या हातात नाही. तुमच्याकडून जे घेतायत ते मात्र आजच आणि रोख आहे: तुमचं नाव, समितीची ओळख आणि मोर्च्याला येणाऱ्या बायका. त्यांच्या कार्यक्रमाला खुर्च्या भरायला लागतात आणि त्या भरायची सोय तुमच्या गल्लीत आहे. महिला आघाडीचं ते पद लग्नातल्या मानाच्या फेट्यासारखं आहे, मांडवात मिरवायचं आणि संध्याकाळी सोडून ठेवायचं. सगळ्याच पक्षांत असं असतं असं मी म्हणत नाही. चांगलं काम केलेल्या महिला आघाड्या मी पाहिल्या आहेत. पण जिथे पदाबरोबर काम सांगत नाहीत आणि तिकीटच सांगतात, तिथे जरा थांबून बघावं.

दुसरी गोष्ट जरा कडू लागेल. मोर्च्यातली माणसं म्हणजे मतं असं धरून चालू नका. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 5,49,236 होती. 20 प्रभागांनी भागली तर एका प्रभागात सरासरी 27 हजार माणसं येतात, आज त्याहून जास्तच. तुमच्या पुराच्या गल्ल्यांत किती आहेत? उरलेल्यांच्या दारात पाणी येत नाही. त्यांची तक्रार पार्किंगची आहे, भटक्या कुत्र्यांची आहे, घरफाळ्याची आहे, सकाळी नळाला दाब नसतो ही आहे. ‘पूरवाल्या बाई’ म्हणून त्यांना तुम्ही माहीत असाल, पण आपल्या कामाची बाई म्हणून माहीत नाही.

जिल्ह्यातलंच उदाहरण बघा. राजू शेट्टी ऊसदराच्या आंदोलनातून आले. 2002 ला जिल्हा परिषद, 2004 ला शिरोळमधून अपक्ष आमदार, 2009 आणि 2014 ला हातकणंगलेचे खासदार. ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत लोकांनीच वर्गणी काढून त्यांना उभं केलं. हे जमलं, कारण ऊस हा त्या भागात जवळजवळ प्रत्येक घराचा हिशेब होता. आंदोलनाची हद्द आणि मतदारसंघाची हद्द एकमेकींवर बसली. त्यांनाही 2019 ला आणि 2024 ला हार पत्करावी लागली, म्हणजे बसलेलं गणित कायम बसलेलं राहतंच असं नाही. उलट आपल्या शहरातल्या रस्त्यांवर लावलेल्या टोलविरुद्धचं आंदोलन आठवा. सगळे पक्ष, तालमी, रिक्षावाले, व्यापारी एका रांगेत चालले. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) एन. डी. पाटील ऐंशी ओलांडलेले असताना रस्त्यावर होते, कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे होते. टोल गेला. आणि निवडणुकीत तीच माणसं आपापल्या गटात, आपापल्या नेत्याच्या मांडवात दिसली. त्यात फसवणूक काही नव्हती. माणूस टोलच्या विरोधात असू शकतो आणि त्याच वेळी आपल्या भावकीच्या उमेदवारालाही मत देऊ शकतो. कोल्हापुरात प्रत्येक प्रश्नाला एक कृती समिती निघते, मात्र कृती समितीचं मतदान वेगळं निघत नाही.

त्यामुळे पुढची काही वर्षं तुमची पायपीट पूर न येणाऱ्या गल्ल्यांत व्हायला हवी. तिथे व्याख्यान द्यायला जाऊ नका. एखाद्या अपार्टमेंटच्या पाण्याच्या तक्रारीचा अर्ज लिहून द्या आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनात त्याचा पाठपुरावा करा. तुम्हाला ते येतंच.

आता मुख्य मुद्दा. समितीत तुम्ही मागणी करता, सभागृहात तुम्हाला वाटप करावं लागेल. ऐकायला हा फरक लहान वाटतो. पूररेषेचंच घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्या आत बांधकाम निषिद्ध. तांबडी रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत नियंत्रित. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 फुटाला धोका. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. समिती म्हणून तुम्ही काय म्हणता? नदीकाठचा भराव थांबवा, पूररेषेतले परवाने रद्द करा. बरोबर म्हणता. उद्या नगरसेविका झालात की तुमच्याच मतदारांतली दोन-अडीचशे घरं त्या रेषेच्या आत असतील. ते येतील आणि म्हणतील, ताई, आमचं घर नियमित करून द्या, कर्ज मिळत नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या टोकाला कुणीतरी मोठा माणूस भराव टाकत असेल आणि तो म्हणेल, गरिबाला सोडता तर मलाही सोडा, नियम सगळ्यांना सारखा. सभागृहात विषय आला की हात वर करायचा की नाही? घोषणा देताना दोन्ही गोष्टी एका वाक्यात बसत होत्या. मतदानात बसत नाहीत.

यावर तुमचं उत्तर आजच तयार ठेवा. माझं विचाराल तर जुनी राहती घरं आणि नवा भराव यांना मी एका तागडीत घालणार नाही. पण जुन्या घरांनाही ‘करून देते’ म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. त्यांच्यासाठी पुनर्वसनाची जागा आणि पाण्याचा अंदाज वेळेवर मिळण्याची सोय मागेन. यात दोन-अडीचशे घरांतली बरीच मतं जातील. ती जाऊ द्यायची तयारी आहे का, हे घरी शांत बसून बघा. नसेल तर समितीतच राहा, तिथे तुमच्या बोलण्याला जास्त वजन आहे. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही.

आणि इथेच तुमची वरची खोली येते. महापालिका अधिनियमात स्पष्ट तरतूद आहे: नगरसेवकाने स्वतः, त्याच्या जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केलं, किंवा अशा बांधकामाला मदत केली, तर पद जाऊ शकतं. पुरात सामान वर न्यायला जागा नव्हती म्हणून खोली काढली, हे मला समजतं. अर्ध्या पेठेने तेच केलंय. पण निवडून आलेल्या माणसाविरुद्ध पहिली तक्रार हरलेला उमेदवार करतो, आणि तक्रार करायला त्याला तुमच्या जिन्यावरची पत्र्याची खोली पुरते. नगररचना विभागात जाऊन ती नियमित होऊ शकते का ते विचारा. पूररेषेत असेल तर बहुधा नाही म्हणतील. मग ती उतरवायची की निवडणुकीचा विचार सोडायचा, हा निर्णय घरात सगळ्यांना बसवून घ्या. सासूबाईंनाही विचारा. त्या गप्प आहेत म्हणजे त्यांना मत नाही असं समजू नका. पाणी चढतं तेव्हा वर कुणाला नेतात?

दिरांचं काम हे दुसरं कोडं. महापालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो. दिरांचा व्यवहार पूर्ण वेगळा असेल तर कायद्याच्या दृष्टीने गोष्ट वेगळी. पण तुमचे यजमान त्यांच्या फर्ममध्ये भागीदार असतील, तुमच्या खात्यातून त्यांना पैसे गेले असतील, घर-दुकान एकत्र असेल, तर वकिलाला कागद दाखवा. निवडणुकीच्या तोंडावर दाखवू नका, आत्ताच दाखवा. वकील ‘चालेल’ म्हणाला तरी एक गोष्ट उरतेच: तुमच्या गल्लीतलं गटार तुमच्या दिराने बांधलं आणि पहिल्या पावसात तुंबलं तर तुम्ही कुणाच्या बाजूने बोलणार? दिरांना सांगा, वहिनी उभी राहणार असेल तर महापालिकेचं काम सोडून ग्रामपंचायतीकडे किंवा खासगीत बघा. ऐकून त्यांचा आनंद किती टिकतो त्यावरून बरंच कळेल.

रास्ता रोकोच्या केसची एवढी काळजी नको. नुसती केस दाखल आहे म्हणून कुणी अपात्र होत नाही. शपथपत्रात माहिती विचारतात ती पूर्ण लिहा, तारखांना हजर राहा. वॉरंट निघण्यापर्यंत ताणू नका. आंदोलनातल्या माणसांचा नेमका हाच ढिलेपणा असतो. घरफाळा, पाणीपट्टी थकवू नका. राखीव जागा निघाली आणि तुम्ही त्या प्रवर्गातल्या असाल तर जात पडताळणीचा दाखला आधीच काढून ठेवा. 2018 साली मुदतीत दाखला न दिल्याने आपल्याच महापालिकेतल्या डझनाहून जास्त नगरसेवकांची पदं गेल्यात जमा होती, सरकारने कायदा बदलून मुदत वाढवली म्हणून निभावलं. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत द्यावा लागतो, जिंकलात तरी आणि हरलात तरी. हरलेले विसरतात आणि अपात्र ठरू शकतात.

यजमानांविषयी लिहायला मला जरा संकोच वाटतो, पण तुम्हीच ते वाक्य लिहिलंय. ‘मी आहे की सगळं बघायला.’ महापालिकेच्या सभा मी बरीच वर्षं पत्रकार म्हणून पाहिल्या. बाहेर व्हरांड्यात उभे राहून आतल्या बाईंना फोनवर काय बोलायचं ते सांगणारे पती सगळ्यांनी पाहिलेत. आत बसलेल्या कित्येक बाया त्यांच्यापेक्षा हुशार होत्या, हेही सगळ्यांनी पाहिलंय. 2011 पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. म्हणजे आपल्याकडे 81 पैकी 41. त्या जागांवर बसलेल्या बाईचा फोन कोण उचलतं हे एकदा लावून बघा. यजमान मदत करणार असतील तर उत्तम, करू द्या. सकाळी चहा टाकणं, मुलाकडे बघणं, तुम्ही सभेला गेल्यावर शिलाईचं गिऱ्हाईक सांभाळणं, ही मोठी मदत आहे. पण फ्लेक्सवर एकच फोन नंबर राहील आणि तो तुमचा असेल, हे आजच बोलून घ्या. आणि एक गोष्ट कुणी आपणहून सांगायला येत नाही: सर्वसाधारण जागेवरही बाई उभी राहू शकते. महिला राखीव निघाली नाही म्हणून तुमचं दार बंद होत नाही.

शिलाई मशीन विकू नका. नगरसेवकाला मानधन मिळतं ते दरमहा काही हजारांचं, आणि ते मांडवात जातं. कोणत्या मांडवात? बारसं, लग्न, मयत, रक्षाविसर्जन. चार तालमींचे चार गणपती, शिवजयंतीची वर्गणी. पेठेचा फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरणार असेल तर जर्सी कोण देणार, हा प्रश्न कोल्हापुरात रस्त्याच्या प्रश्नाच्या आधी येतो. रात्री साडेअकराला फोन येईल की सीपीआर या सरकारी रुग्णालयात बेड मिळत नाही. या सगळ्याला ‘हो’ म्हणणारा नगरसेवक पैसे कुठून आणतो, हे विचारायची गरज नाही. म्हणून कुठे जायचं आणि कुठे नाही हे आधी ठरवून जाहीर करा. माझ्या मते सीपीआरचा फोन उचलायचाच, मयतीला जायचंच. जर्सीला मात्र हात जोडायचे. पोरं रुसतील. मैदानात पाण्याची सोय, चेंजिंग रूमची दुरुस्ती महापालिकेच्या पैशातून करून दिलीत तर त्यांचा रुसवा जाईल. गेला नाही तरी चालेल.

आता पाच वर्षांत करायचं काय? फाईल कशी चालते ते शिका. आंदोलन करणाऱ्यांना मंजुरीची बातमी मिळाली की काम झाल्यासारखं वाटतं. प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा हुकूम), काम, मोजमाप पुस्तक (झालेलं काम मोजून लिहितात ते), बिल, एवढा तो प्रवास आहे आणि प्रत्येक टप्प्यावर फाईल झोपू शकते. तुमच्या पेठेतलं एखादं झालेलं काम घ्या. ड्रेनेजची लाईन घ्या, दिरांची नको. माहिती अधिकारात अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तकाची प्रत मागवा. मग टेप घेऊन रस्त्यावर जा. असं एक काम पूर्ण वाचता आलं की नगरसेवकाच्या कामातला मोठा भाग कळला. महापालिकेचं वार्षिक अंदाजपत्रक वाचायला शिका. तुमच्या नाल्याच्या सफाईला कुठल्या लेखाशीर्षाखाली पैसे पडतात आणि वर्षअखेर त्यातले किती दुसरीकडे वळतात ते बघा. पैशाच्या नाड्या 16 जणांच्या स्थायी समितीकडे आणि आयुक्तांकडे असतात. आयुक्त राज्य सरकारचा माणूस. नगरसेवक एकटा काही बांधू शकत नाही, तो विचारू शकतो, अडवू शकतो आणि इतरांना पटवून मतदान करवू शकतो. पटवण्याचं काम मोर्च्यात शिकायला मिळत नाही, कारण मोर्च्याला आलेला माणूस आधीच पटलेला असतो.

निवडणुकीशिवायचं एक दार आहे, ते ठोठावून बघा. प्रभाग समितीवर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यात आहे. निवड तिथले नगरसेवकच करतात, त्यामुळे वशिला लागतो हे उघड आहे. पण तुमच्या समितीची धर्मादाय कार्यालयात नोंदणी केलीत आणि लेखी मागणी केलीत तर नाही म्हणणाऱ्यालाही लेखी नाही म्हणावं लागेल. मिळालं तर सभेचं कामकाज जवळून दिसेल. स्वीकृत, म्हणजे निवडणुकीशिवाय नेमल्या जाणाऱ्या नगरसेवकपदाच्या मागे मात्र लागू नका. ती पदं पक्षांच्या संख्याबळाने वाटली जातात आणि त्यांना मतदानाचा हक्क नसतो.

पक्ष की अपक्ष? चार जणांच्या प्रभागात एकटं अपक्ष निवडून येणं अवघड आहे. मतदार चार बटणं दाबतो आणि पॅनेल एकमेकांना ओढून नेतं. त्यामुळे पक्षात किंवा आघाडीत जावं लागलं तर त्यात लाज नाही. आपल्या शहरात ताराराणीसारख्या आघाड्यांची जुनी सवय आहे. एन. डी. पाटील आयुष्यभर शेकापचे होते, 18 वर्षं विधान परिषदेत होते, सहकारमंत्री होते, 1985 ते 1990 कोल्हापूरचे आमदार होते, आणि तरी त्यांना रस्त्यावर उतरायला कुणाची परवानगी लागली नाही. पण जाण्याआधी एक समजून घ्या. स्थानिक संस्थांनाही पक्षांतरबंदीचा कायदा आहे, 1986 चा. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलात आणि व्हीप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा पक्षाचा आदेश निघाला, तर त्याविरुद्ध मतदान केल्यास पद जाऊ शकतं. अपक्ष निवडून येऊन नंतर पक्षात गेलात तरी तेच. म्हणून पूररेषेच्या विषयावर मला मोकळं सोडा, हे तिकीट घेण्याआधी लेखी मागा, चार लोकांसमोर मागा. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला किंमत नाही. पण तो द्यायला ते तयार होतात की हसतात, हे तुम्हाला कळेल.

आता समितीतल्या त्या बायका, ज्या म्हणतात तूही त्यांच्यातलीच होशील. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माणसं मला त्याच वाटल्या. त्यांची समजूत घालत बसू नका. समिती त्यांच्या हातात द्या. अध्यक्षपद सोडा, वही सोडा: कोणत्या घरात म्हातारं माणूस आहे, कुठे गरोदर बाई आहे, पाणी किती फुटावर आलं की कुणाला आधी हलवायचं, हे जे तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर येऊन त्यांच्याकडे जाऊ द्या. अर्ज त्यांच्या सहीने जाऊ द्या. लोकशाही दिनात त्यांना बोलू द्या आणि तुम्ही मागे बसा. पहिले काही महिने त्या चुकतील, तुमचा जीव तुटेल, तरी मागेच बसा. त्यांना स्पष्ट सांगा की मी निवडून आले आणि नाला तुंबला, तर घागरी घेऊन माझ्या दारात यायचं. एखाद्या आंदोलनातून माणूस निवडून गेला की मागे आंदोलनच उरत नाही, तो माणूस तेवढा उरतो. मग त्याला विचारणारं कुणी नसतं आणि हळूहळू त्याला विचारलेलं खपेनासं होतं. तुम्ही गेल्यावर तुमची समिती तुमच्याविरुद्ध मोर्चा काढू शकेल इतकी उभी राहिली, की जायला हरकत नाही. त्याआधी गेलात तर नको म्हणणाऱ्या बायका बरोबर ठरतील.

हे सगळं एका वर्षात होणार नाही. पाच वर्षं आहेत, तेवढ्यात होईल. मुलाची बारावी होईल, तो कुठे शिकायला जातोय ते ठरेल, वरच्या खोलीचा निकाल लागेल.

राहिला तो माणूस. त्याच्याशी भांडू नका, पुन्हा कामाला येईल. चहा द्या आणि सांगा: पद नको, तुमच्या पक्षाचे नगरसेवक आहेत त्यांच्याकडून पावसाळ्याआधी आमच्या नाल्याच्या सफाईचा कार्यादेश आणि ठेकेदाराचं नाव लेखी आणून द्या. आणलंत तर पुढचं बोलू. तिकिटाचा विषय आरक्षणाची सोडत निघाल्यावर, समितीच्या बायकांसमोर. तोवर तुमच्या कुठल्याही फ्लेक्सवर माझा फोटो लावायचा नाही.